माळ्यावरचा लॅपटॉप आणि बाजूची खाच

२००० नंतर घेतलेले लॅपटॉप आपल्याकडं पुष्कळ घरांत अजून माळ्यावर आहेत. जुने फोटो, बारशाची चित्रफीत, सगळं त्यातच. अशा बऱ्याच लॅपटॉपच्या बाजूला एटीएम कार्डाएवढ्या रुंदीची एक खाच दिसेल. तिच्यात पीसी कार्ड बसतं. जाडी बहुतेकदा ५ मिलिमीटर. नेट, मोडेम, यूएसबी अशा जास्तीच्या सोयी त्या काळी या कार्डानं मिळत.

आमच्या नंदगडात एका अक्कांचा असाच लॅपटॉप माझ्याकडं आला. अक्का बैलहोंगलकडच्या, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही. यूएसबीची दोन्ही तोंडं मोडलेली, सीडीही चालेना. आत नातीच्या बारशाची चित्रफीत, आणि तिच्यात यजमानांचा आवाज. ते आता नाहीत. "नोडप्पा, त्यांचा आवाज तेवढा काढून दे. डबा भंगारात गेला तरी चालंल."

हार्ड डिस्क बाहेर काढून जोडता आली असती. पण जुन्या डिस्कला हात लावण्याआधी साधी वाट बघावी, असं माझं मत. म्हणून यूएसबीची तोंडं असलेलं पीसी कार्ड मिळवलं. खाचेतला प्लॅस्टिकचा खोटा तुकडा आधी काढला. (तो कार्डच समजून "चालत नाही" म्हणणारे भेटतात!) मग टॉर्च मारून आत पाहिलं. टाचण्या कार्डात नसतात, लॅपटॉपच्या खाचेत असतात, दोन ओळींत ६८. एखादी वाकली असली तर जोर लावताच मोडते. सोनेरी पट्टीचं कार्डबस कार्ड फार जुन्या खाचेत शिरतच नाही, तिथं ढकलाढकली करू नका.

कार्ड बसलं, दिवा लागला. बाहेरची हार्ड डिस्क लावली, तर नुसती टक् टक्.

इथं घाईनं निदान करू नये. डिव्हाइस मॅनेजर उघडावा. कार्डाचं नावच नसेल तर दोष खाचेत किंवा कार्डात, ते कार्ड दुसऱ्या लॅपटॉपला लावलं की कळतं. नाव आहे पण पिवळं चिन्ह आहे, तर ड्रायव्हर नाही. विंडोज एक्सपीत यूएसबी २.० चा ड्रायव्हर २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून आहे, त्याआधीच्या एक्सपीला कार्डाबरोबरची सीडी लागते.

अक्कांच्या लॅपटॉपवर नाव होतं, पिवळं चिन्ह नव्हतं. म्हणजे उरली वीज. खाचेतून मिळणारी वीज मोजकीच, फिरणाऱ्या डिस्कला ती पुरेना. काही कार्डांना म्हणूनच वेगळ्या वायरीचं भोक असतं. पेन ड्राइव्हला वीज थोडी लागते. तो लावला आणि लगेच दिसला. चित्रफीत उतरवली, दुसऱ्या पेन ड्राइव्हवरही घेतली. यजमान नातीचं नाव मराठीत सांगतात आणि तिच्याशी बोलतात मात्र कन्नडात. अक्कांनी ती तीनदा लावायला लावली.

तुम्ही कार्ड शोधणार असाल तर खाच मोजून घ्या. २००३ मध्ये आलेलं एक्सप्रेसकार्ड दिसायला भावंडासारखं, पण पीसी कार्डाच्या खाचेत चालत नाही. काढताना आधी पडद्यावरून कार्ड बंद करा, मग बाजूचं बटण दाबा. आणि खानापूर तालुक्यातल्या पावसात तो प्लॅस्टिकचा तुकडा परत खाचेत बसवून ठेवा.