आधी ठिकाण सांगा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीच समजूत आपण पोलीस ठाण्यालाही लावतो. शेजारच्या घरातून बाईचे ओरडणे ऐकू येते, रस्त्यात मोटारसायकलवाला पडलेला दिसतो, आणि मनात पहिला विचार येतो तो नसती कटकट मागे लागण्याचा. त्या घोळात वेळ जातो. कधी कधी माणूसही जातो.

म्हणून आधी या भीतीविषयी. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याबाबतचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही हे संरक्षण आले. कौटुंबिक हिंसाचाराची खबर कोणालाही देता येते. २००५ च्या कायद्यानुसार, सद्हेतूने खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मग फोन कधी करायचा? जीव धोक्यात आहे का, गुन्हा आत्ता घडतो आहे का, आग लागली आहे का? एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर ११२ फिरवावा. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी हा क्रमांक आहे. फक्त रुग्णवाहिका हवी असेल, तर महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर १९३०. इथे मिनिटे मोलाची, कारण पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधीच ते गोठवता येतात. पाकीट हरवले किंवा कालची चोरी आज लक्षात आली, तर सरळ ठाण्यात जावे. तातडीची लाइन दुसऱ्या कोणासाठी तरी मोकळी राहते.

फोनवर काय बोलावे? कवितेत पत्ता नसला तरी चालते. इथे पहिले वाक्य पत्त्याचेच हवे. ११२ चा फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो. पलीकडच्या माणसाला तुमचे गाव ठाऊक असेलच असे नाही. 'मारुतीच्या देवळापाशी या' म्हटले तर कोणत्या मारुतीच्या? म्हणून जिल्हा, तालुका, गाव किंवा पेठ, आणि मग जवळची खूण. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड आणि कोणत्या गावाकडे जाणारी बाजू. मोबाईलवरून जागेचा अंदाज मिळतो, पण तो अचूक असतोच असे नाही. त्यानंतर काय घडले, किती जण जखमी, कोणाच्या हाती हत्यार आहे का, हे सांगावे. विचारतील त्याची उत्तरे द्यावीत, आणि 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नये. घरात गॅसचा वास येत असेल, तर बटणांना हात न लावता बाहेर पडून मगच फोन करावा.

ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असे ऐकावे लागले, तर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. तिची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्यावी. नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते.

आजच घरातल्या मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आपला पूर्ण पत्ता म्हणून दाखवायला सांगा. वाटते तितके सोपे नसते ते.