मोडक्या भांड्यांतून पाखरांचं दाणापाणी



पाखरू शेतात उतरलं की आपला हात पहिल्यांदा गोफणीकडे जातो. कणसात दाणा भरलेला असताना ते बरोबरच आहे. पण हरभरा फुलावर असताना त्याच पाखराला हाकलणं म्हणजे फुकटच्या राखणदाराला घालवणं आहे. या पत्रिकेत आपण घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून पाखरांसाठी दाणापाण्याची आणि बसण्याची सोय कशी करायची, ते पाहू. खर्च फक्त सुतळीचा.

पाखरू काय काम करतं?

हरभऱ्याचा मोठा शत्रू घाटेअळी. लहान असताना ती कोवळी पानं खरवडते. मोठी झाली की घाट्याला भोक पाडते, डोकं आत आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणे फस्त करते. एकच अळी तीस-चाळीस घाटे खराब करते. पण तिचं हे अर्धं अंग बाहेर राहतं, तिथेच ती पाखराच्या नजरेत येते.

साळुंकी जमिनीवर चालत अळ्या वेचते. कोतवाल उंच जागी बसून टेहळणी करतो आणि उडता किडा हवेतच धरतो. बगळा पाणी देताना आणि नांगरटीच्या वेळी मागे मागे फिरतो. चिमणी एरवी दाणा खाते, पण पिलांना मात्र अळ्या आणि किडेच भरवते. यातला कोतवाल दाण्याला येत नाही, त्याला बसायला जागा हवी. साळुंकी आणि चिमणी दाण्यालाही येतात आणि पाण्यालाही. म्हणून दाणा, पाणी आणि थांबा, तिन्ही गोष्टी पाहिजेत.

दाण्याची सोय

१) जुनी चाळण: पिठाची चाळण फाटली की आपण ती माळ्यावर टाकतो. तिच्या कडेला तीन ठिकाणी सुतळी बांधा आणि शिंक्यासारखी बांधावरच्या झाडाला टांगा. पाऊस पडला किंवा दव साचलं तरी पाणी जाळीतून निघून जातं, दाणा कुजत नाही. भोक मोठं असेल तर आतून फडक्याचा तुकडा घाला.

२) गोड्या तेलाचा डबा: पत्र्याचा चौकोनी डबा उभा कापून दोन भाग करा. दोन पसरट तबकं मिळतात. कापलेली धार हातोडीने आत दुमडा, नाहीतर पाखरांचे पाय कापतात आणि आपली बोटंही. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडा.

३) नारळाची करवंटी: बाजूने दोन भोकं पाडून टांगा. चिमणीला एवढी जागा पुरते.

दाणा म्हणून ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी रोज सकाळी मूठभर घाला. बुरशी आलेलं धान्य आणि खारट, तिखट उरलंसुरलं घालू नका. औषध चोळलेलं उरलेलं बियाणं तर कधीच नाही, ते विषच आहे.

दाणा हे फक्त आमंत्रण आहे, जेवण शेतात व्हायला हवं. पोटभर दाणा मिळाला तर पाखरू अळीकडे कशाला बघेल? म्हणून शेतात अळी दिसू लागली की दाणा निम्मा करा.

पाण्याची सोय

फुटक्या माठाचं बूड, चेपलेली परात, जुनी कढई, काहीही चालेल. पाणी दोन बोटं खोल पुरे. भांडं खोल असेल तर मध्ये दगड ठेवा, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. पाणी रोज बदला आणि भांडं राखेने घासा. आठवडाभर पाणी साचून राहिलं तर त्यात डास होतात. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाजवळ भांडं ठेवू नका. खांबावर ठेवलं तर खांबाला बाभळीचे काटे बांधा.

पक्षीथांबे

फावड्याचा जुना दांडा, मोडक्या बाजेची लाकडं, वासे, जे असेल ते घ्या. वर आडवी काठी किंवा जाड पऱ्हाटी बांधून इंग्रजी टी अक्षरासारखा थांबा करा. तो पिकाच्या वर दोन-तीन फूट राहिला पाहिजे. एकरी वीस थांबे पुरतात, म्हणजे दोन थांब्यांत साधारण ४५ फूट अंतर. पीक फुलावर येण्याच्या आधीच ते रोवा, पाखरांना जागेची सवय व्हायला वेळ लागतो. पेरतानाच हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली तर तिची ताटंही थांब्याचं काम करतात.

घाट्यांत दाणा पक्का भरला, किंवा शेजारच्या ज्वारीला दाणा धरला, की थांबे काढून घ्या. तेव्हा पोपट आणि चिमण्यांचे थवे नुकसान करतात.

एक मोठा धोका

कीटकनाशकाचा रिकामा डबा किंवा बाटली यासाठी अजिबात वापरू नका. कितीही धुतली तरी विष राहतं. पाखरं मरतात, आणि तेच भांडं उद्या एखादं मूल पाण्याला उचलतं. रिकामा डबा तीनदा धुवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडून तो निकामी करा. फवारणीच्या दिवशी दाणापाण्याची भांडी झाकून ठेवा.

पाखरांच्या भरवशावर किती राहायचं?

पाखरं अळी कमी करतात, संपवत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा शेतात फिरून ओळी पाहा. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की थांबू नका. पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण शंभर लिटर द्रावण करून फवारा. अळ्या लहान असतानाच घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एच. ए. एन. पी. व्ही., संध्याकाळी फवारला तरी चांगला गुण येतो. त्याने पाखरांना अपाय होत नाही. उलट रोगी अळी खाल्लेलं पाखरू विष्ठेतून तो विषाणू शेतात आणखी पसरवतं. यापेक्षा जहाल औषध घ्यावं लागलं, तर आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

तेव्हा भगिनींनो, फुटका माठ उकिरड्यावर टाकण्याआधी त्याचं बूड बाजूला काढा. आणि बंधूंनो, यंदा हरभरा फुलावर येईल तेव्हा गोफण खुंटीलाच राहू द्या. अर्ध्या शेतात थांबे लावा, अर्धं तसंच ठेवा, आणि काढणीआधी दोन्हीकडची किडके घाटे मोजून बघा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.