चार रबरी चकत्या

संपादकांनी मागितला होता एका गाजलेल्या खुर्चीचा परिचय. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची ही फायबरग्लासची खुर्ची, आणि तिच्यातही शाळा-सभागृहांसाठी केलेली, एकीवर एक चढवून चळत लावता येणारी जात. तिचे रंग, तिचा डौल, संग्रहालयांतली तिची जागा यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. जुन्या खुर्च्या दुरुस्त करणारे मात्र डौलाकडे नंतर बघतात. खुर्ची हातात आली की ते आधी ती उलटी करतात. बुडाला चार रबरी चकत्या असतात. खुर्ची जगणार की भंगारात जाणार, ते तिथे कळतं. माझाही लेख तिथेच अडकला.

इतिहास थोडक्यात उरकतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1948 साली स्वस्त फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. ईम्स यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातली माणसं सोबत घेऊन पत्रा दाबून घडवलेली खुर्ची पाठवली. तिला दुसरं बक्षीस विभागून मिळालं, पण पत्र्याचं काम परवडेना. मग झेनिथ प्लॅस्टिक्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी मदतीला आली. युद्धकाळात ती विमानांच्या रडारवर बसवायचे घुमट फायबरग्लासमध्ये बनवायची. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन साच्यात दाबलं की पाठ आणि बैठक एकसंध बाहेर पडू लागली. 1950 मध्ये हर्मन मिलर कंपनीने हातांची खुर्ची बाजारात आणली, मग बिनहातांची आली, आणि 1955 मध्ये चळतीची. या शेवटच्या खुर्चीत लोखंडी नळीचे पाय वाकवून बैठकीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढले आहेत, म्हणून वरची खुर्ची खालचीवर नीट बसते. शेजारणीला अडकवायला बाजूला आकडेही आहेत. एका ओळीत शंभर खुर्च्या लावल्या तरी ओळ वाकडी होत नाही.

आता चकतीकडे येऊ. पातळ फायबरग्लासला भोक पाडून लोखंडी सांगाडा थेट आवळला, तर बसणाऱ्याचा सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो आणि तिथून चिरा सुटतात. शिवाय बैठकीवर बोल्टची डोकी दिसतात. ईम्स यांनी हा प्रश्न 1946 च्या प्लायवूडच्या खुर्च्यांतच सोडवला होता. पोटात आट्यांचा लोखंडी तुकडा बसवलेली रबराची जाड चकती लाकडाला चिकटवायची आणि स्क्रू त्या तुकड्यात पिळायचा. लाकडाला रबर पक्कं धरावं म्हणून त्यांनी क्रायस्लर या मोटार कंपनीची जोडणीची पद्धत वापरली होती. तीच युक्ती फायबरग्लासला लागू झाली. बसणारा कलला की रबर किंचित दबतं, बैठक थोडी हलते, सांगाडा जागचा हलत नाही. गुडघ्यातली गादी हाडांसाठी जे करते, तेच काम ही चकती करते, आणि झिजतेही तशीच.

झिजण्याची कारणं दोन. पहिलं वय. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, त्याला बारीक भेगा पडतात, मग ते दबण्याऐवजी तुटतं. दुसरं कारण आपण बसतो कसे. बाजूने सरकवणारा जोर चिकटवलेलं रबर बराच सोसतं, पण कडेने उचकटणारा जोर त्याला सोसत नाही. वर्गातला मुलगा खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलतो, तेव्हा पुढच्या दोन चकत्या नेमक्या कडेने उचकटल्या जातात. अशी कित्येक वर्षं गेल्यावर एक चकती सुटते. तिचा भार उरलेल्या तिघींवर जातो आणि दुसरी सुटायला मग फार काळ लागत नाही. ईम्स यांच्या 1956 च्या प्रसिद्ध लाउंज खुर्चीतही हाच सांधा आहे. तिची पाठ एखाद्या दिवशी बसणाऱ्यासकट निखळते, ती याच कारणाने.

दुरुस्ती ऐकायला सोपी आहे: जुनी चकती काढा, नवी चिकटवा. पण कारागिराचं कसब मापांपासूनच लागतं. चकतीचा व्यास, तिची उंची, चार चकत्यांमधली अंतरं, आतले आटे, सगळं मोजावं लागतं. आटे इंची आहेत. मिलिमीटरचा स्क्रू दोन फेरे गोड बोलून आत जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या पायांसाठी चकत्यांची मापं बदलली, त्यामुळे तयार मिळणारा संच प्रत्येक खुर्चीला बसेलच असं नाही. अशा वेळी भाग करून घ्यावा लागतो. टर्नरकडून ॲल्युमिनियमचा दोन फाकांचा साचा, त्यात आट्यांचा लोखंडी तुकडा. हा तुकडा वाळूच्या माऱ्याने खरखरीत करून त्यावर प्रायमर दिलेला हवा, नाहीतर रबर त्याला धरत नाही. मग कच्चं रबर दाबून तापवायचं, किंवा दोन द्रव मिसळून गार ओतायचं पॉलियुरेथेन वापरायचं. मोजक्या चकत्यांसाठी दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

चिकटवण्याआधी बैठकीचं बूड घासायचं, जुन्या गोंदाचा कण आणि रेझिनची चकाकी दोन्ही जाईपर्यंत. ही धूळ काचेची असते, म्हणून तोंडावर चांगला मास्क आणि हातात मोजे हवेतच. मग चारही चकत्या सांगाड्यालाच सैल आवळायच्या, इपॉक्सी लावायचं आणि सांगाडा बैठकीवर ठेवायचा. म्हणजे सांगाडाच मापपट्टी होतो. बूड वळणदार असल्यामुळे चकतीच्या एका कडेला इपॉक्सीचा थर जाड येतो, दुसरीला पातळ. हे चालतं. वजन ठेवून पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. घाई करणाऱ्याची खुर्ची परत येते.

इथवर मी कौतुकाने लिहिलं. पुढची यादी अडचणींची आहे.

पहिली अडचण, चकती सुटताना एकटी सुटत नाही. कधी ती बुडाचा पापुद्रा सोबत नेते. मग आधी काचेचं कापड आणि रेझिन लावून खड्डा भरायचा, आणि तिथे बैठक मूळच्याइतकी लवचीक राहत नाही. दुसरी अडचण रबराच्या कडकपणाची. नवी चकती मऊ झाली तर खुर्ची डुलते. कडक झाली तर धक्का गिळत नाही, सगळा जोर गोंदावर जातो. पन्नास वर्षं वाळलेलं रबर मूळचं किती मऊ होतं, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. एक खुर्ची करून, तिच्यावर बसून, मगच उरलेल्यांना हात घालावा लागतो. घरी थ्री-डी प्रिंटरवर लवचीक प्लॅस्टिकची चकती छापणारेही आहेत. आकार हुबेहूब येतो, पण ते प्लॅस्टिक इपॉक्सीला नीट धरत नाही. प्रिंटर शोभतो तो पायांच्या टोकांना घालायच्या बुटांना, आणि ते काम क्षुल्लक नाही. एका पायाचा बूट झिजला की खुर्ची डगमगते, डगमगली की सांगाडा पिळवटतो आणि तो पीळ थेट चकत्यांवर जातो. चकत्या बदलून बूट तसेच ठेवणाऱ्याने निम्मंच काम केलं.

सगळ्यांत वाईट अडचण आधीच्या दुरुस्तीची असते. कुणीतरी वैतागून बैठकीतून आरपार बोल्ट मारलेले असतात. खुर्ची आणखी काही वर्षं चालते, मग भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा पसरतात. सुटलेली चकती परत लावता येते. चिरलेली बैठक पूर्ववत होत नाही. आणि जुनी बैठक सहज बदलूनही मिळत नाही. हर्मन मिलरने 1980 च्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासची बैठक बनवणं थांबवलं. पुढे नव्या पॉलिप्रोपिलीनच्या आणि नंतर नव्या पद्धतीच्या फायबरग्लासच्याही खुर्च्या आल्या, पण त्या नव्या खुर्च्या आहेत. शाळेच्या गोदामातल्या जुन्या चळतीला त्यांचा उपयोग नाही.

याच ईम्स दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याची पारख केली आहे, आणि लोटा घेताना किती पडला यावर न थांबता शेवटपर्यंतच्या वापरात किती पडतो, हाही प्रश्न विचारला आहे. त्यांच्याच खुर्चीला तो प्रश्न विचारला तर उत्तर दुहेरी येतं. बैठक अर्धशतक टिकली, सांगाडा टिकला; पण दोघांना जोडणारी वस्तू गोंदाने कायमची चिकटवली, ती सहज बदलता येईल अशी केली नाही. माझ्या मते या सुंदर खुर्चीतली खरी उणीव एवढीच, आणि ती आज कारागीर भरून काढत आहेत.

यातून घ्यायचा धडा ईम्सच्या खुर्चीपुरता नाही. तुमच्या शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या अडगळीत जुन्या खुर्च्यांची चळत असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक खुर्ची उलटी करून बघा. बहुतेक वेळा मोडलेला भाग मुठीत मावेल एवढा असतो. आणि त्या चळतीतला एक तरी शाबूत भाग काढून, नाव लिहून, कपाटात ठेवा. टर्नरला नमुना मिळाला तर तो डझनभर करून देईल. नमुना नसेल तर त्याचाही नाइलाज आहे.