इटालियन स्पोर्ट्‌स सेडान, कसारा घाट आणि रांजणगावची लिनिया

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून टाकतोय. बोलताना घातलेला घोळ थोडा निस्तरलाय, बाकी तसंच ठेवलंय.

सिडकोतल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. चोवीस वर्षांचा मुलगा, अंबड एमआयडीसीत नोकरी, हातात दोन-अडीच वर्षांची बचत. त्याला सेकंडहँड फियाट लिनिया टी-जेट घ्यायचीय. आई म्हणते, "बंद झालेली गाडी कशाला? सरळ डिझेल स्विफ्ट बघ की एखादी." आणि याचा प्रश्न असा की, "दादा, इटालियन गाडी चालवायला वेगळी लागते म्हणतात, ते खरं आहे की नुसती हवा?"

प्रश्न चांगला आहे, कारण पैसे त्याचे जाणार आहेत, माझे नाही. म्हणून जरा सविस्तर.

आधी घराण्यातल्या श्रीमंत भावाकडे जाऊ, म्हणजे 'वेगळी' या शब्दाचा अर्थ कळेल. मासेराती. ही मंडळी मूळची रेसिंगवाली. १९६३ मध्ये त्यांनी चार दरवाजांची गाडी काढली आणि नाव दिलं क्वात्रोपोर्ते. इटालियनमध्ये याचा अर्थ 'चार दारं'. कुत्रा पाळून त्याचं नाव 'कुत्रा' ठेवावं तसं! पण त्या चार दारांमागे व्ही-८ इंजिन होतं. बायकापोरं मागे बसवायची आणि तरी रेसिंगची खुमखुमी सोडायची नाही, ही इटालियन स्पोर्ट्‌स सेडानची सगळी गोष्ट.

त्याच घरातली गिबली सेडान २०१३ मध्ये आली. मी ती चालवलेली नाही, त्यामुळे फक्त यंत्राचं सांगतो. तीन लिटरचं व्ही-६ ट्विन टर्बो इंजिन, तयार होणार फेरारीच्या मारानेल्लो कारखान्यात. 'एस' मॉडेलमध्ये ४१० पीएस. पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजन जवळपास निम्मं-निम्मं. इंजिन पुढे असूनही. आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणजे पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी ढकलायचं, कामाची वाटणी स्पष्ट. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढची चाकंच वळतात आणि तीच ओढतात. एकाच माणसाला गल्ल्यावर बसवून चहाही करायला लावल्यासारखं. गर्दी नसेल तोवर ठीक, गर्दी झाली की दोन्हीकडे गोंधळ.

आता लिनिया. कागदावर बघितलं तर ही त्या घराण्यातली वाटतच नाही. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, मागे साधं टॉर्शन बीम सस्पेन्शन. गाडी बनायची पुण्याजवळ रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. साधी लिनिया २००९ मध्ये आली, टी-जेट २०१०मध्ये. त्यात १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल, ११४ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, १६ इंची चाकं.

त्याच काळातल्या होंडा सिटीचं दीड लिटरचं इंजिन ११८ पीएस देत होतं. चार पीएस जास्तच. शोरूममध्ये दोन्ही ब्रोशर शेजारी ठेवणारा माणूस म्हणणार, मग टर्बोचं कौतुक कशाला?

इथे टॉर्क समजून घ्यावा लागतो. सिटीचा टॉर्क १४६ न्यूटन-मीटर, तोही ४८०० आरपीएमला. टी-जेटचा २०७, आणि तो २२०० आरपीएमला. पॉवर म्हणजे दुसरं काही नाही, टॉर्क गुणिले इंजिनचे फेरे. गणित करून बघा: २२०० फेऱ्यांवरच टी-जेटकडे साधारण ६५ पीएस तयार असतात. साधं इंजिन तिथवर पोचायला आधी ओरडतं, मग पळतं. ११८ पीएस हवे असतील तर सिटीला थेट ६६०० पर्यंत न्यावं लागतं. रोज कोण नेतं?

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरणारा छोटा पंखा. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जाळता येतं. हा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. आणि आपल्या नाशिककरांना याचा एक फायदा मिळतो, तो कुणी सांगत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथे हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाची तेवढी ताकद इथे आपोआप कमी होते. टर्बो मात्र हवा दाबूनच घेतो, त्यामुळे तो ही तूट बरीचशी भरून काढतो.

हे मला पुस्तकातून नाही, कसारा घाटात कळलं. मित्राची टी-जेट, मुंबईहून परत येत होतो, गाडीत चौघं आणि डिकी भरलेली. घाट सुरू झाला, पुढे लोखंडाच्या कॉइल लादलेला ट्रेलर. माझ्या गाडीत अशा वेळी एसी बंद, दुसरा गिअर, आणि देवाचं नाव. इथे तिसऱ्यात होतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला, क्षणभर काहीच नाही, आणि मग मागून कुणीतरी सावकाश पण ठामपणे ढकलावं तशी गाडी निघाली. गिअर बदललाच नाही.

तो 'क्षणभर काहीच नाही' लक्षात ठेवा. त्याला टर्बो लॅग म्हणतात. पंखा वेगात यायला वेळ लागतो. दोन हजार आरपीएमच्या खाली ही गाडी आळशी आहे, साध्या लिनियापेक्षाही आळशी वाटते कधीकधी. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला, पहिला-दुसरा-पहिला करताना, तुम्ही इटलीला शिव्या घालाल.

पण मला खरा फरक जाणवला तो स्टिअरिंगमध्ये. लिनियाचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक. इंजिनवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने तुम्हाला मदत करतो. पार्किंग करताना जड लागतं, खरं आहे. पण वळणावर पुढच्या टायरची पकड कमी होऊ लागली की चाकावरचा भार हाताला हलका लागायला लागतो. रस्ता ओला, खडी पडलेली, डांबर घासलेलं, हे हाताला समजतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये मध्ये मोटर बसते आणि बऱ्याचदा ही चुगली अर्ध्यातच थांबते. गंमत म्हणजे त्या कोटीच्या गिबलीतही सुरुवातीची काही वर्षं हायड्रॉलिकच ठेवलं होतं. नफ्याचा विचार केला तर ते खुळेपणाचं होतं, इलेक्ट्रिकने पेट्रोल वाचतं. तरी ठेवलं.

घाट उतरताना हे अजून कळतं. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. तेव्हाच वळण आलं आणि तुम्ही घाबरून ब्रेक आणखी दाबलात, तर पुढच्या टायरवर दोन कामं एकदम पडतात, तो एकही नीट करत नाही. चांगली गाडी हे होऊ देत नाही असं नाही. ती आधी सांगते. लिनिया सव्वा टनाच्या आसपास, अंगाने दणकट, आणि सस्पेन्शन असं की खड्ड्यात आपटत नाही पण वळणावर लोळतही नाही. म्हणून घाट माझ्या मते वेग मोजायची जागा नाही, पण गाडी ओळखायची आहे. आता समृद्धी महामार्गामुळे इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून आपण एसी लावून सरळ निघून जातो. सोय उत्तम झाली. टेस्ट ड्राइव्हला मात्र तो रस्ता निरुपयोगी, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या.

मग इतकी चांगली होती तर चालली का नाही? आपण गाडी घेताना आधी ॲव्हरेज विचारतो, मग रीसेल, मग गावात सर्व्हिस सेंटर किती. टी-जेट या तिन्ही प्रश्नांत मागे पडली. २०१६ मध्ये १२५ पीएसची लिनिया १२५ एस आणून पाहिली, पण २०१९ पर्यंत फियाटने इथला गाड्यांचा कारभार आवरला.

आता आईच्या स्विफ्टबद्दल. मावशी ऐकत असतील तर माफ करा, पण २०२० पर्यंतच्या बहुतेक डिझेल स्विफ्टच्या बॉनेटखालचं १२४८ सीसीचं इंजिन फियाटचंच. मारुतीने ते परवाना घेऊन बनवलं. त्या इंजिनामागचं कॉमन रेल तंत्र, म्हणजे एका सामायिक पाइपात प्रचंड दाबाने डिझेल साठवून इंजेक्टरने थेंब-थेंब मोजून सोडायचं, फियाटच्याच प्रयोगशाळांत आकाराला आलं आणि पुढे बॉशकडे गेलं. १९९७ची अल्फा रोमिओ १५६, ही पण इटालियन स्पोर्ट्‌स सेडानच, ते वापरणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी. आणि बॉश इंजेक्टर बनवते कुठे? आपल्या सातपूरला. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या मंडळींना इटालियन गाडी परकी वाटायचं खरंतर काही कारण नाही.

तर मित्रा, तुझं उत्तर. हवा नाही, खरं आहे. पण घरात ही एकच गाडी असणार असेल आणि तिच्यावर रोजची ड्यूटी अवलंबून असेल, तर घेऊ नकोस. घरात दुसरं वाहन असेल, तर बचतीतली सगळी रक्कम गाडीत घालू नकोस. निदान चौथा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेव. २०१०-११ची गाडी असेल तर आरसीची पंधरा वर्षं बघ, आरटीओत पुन्हा पासिंग करावं लागेल आणि तो खर्च किमतीत धर. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल माग. "बदललाय हो" चालणार नाही, बिल. तो तुटला तर इंजिन उघडावं लागतं आणि मग गाडीच्या किमतीचा हिशोबच राहत नाही. आधी असा मेकॅनिक शोध ज्याने टर्बो पेट्रोलवर हात चालवलाय, मग गाडी शोध, उलटं नको.

आणि बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाला आधीच सांग की गाडी तापवून ठेवू नका. स्वतः स्टार्ट कर, मागे जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर येतोय का बघ. निळा म्हणजे ऑइल जळतंय, बहुधा टर्बोचं सील गेलंय. मग त्र्यंबक रोडला घे, तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारावरून पाय पूर्ण दाब. ढकलणं सलग यायला हवं, मध्येच अडखळता कामा नये. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर घाबरू नकोस, तो टर्बोचाच. घरघर आली तर चावी परत दे, चहा पी आणि घरी ये.

काय झालं ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये सांग. आईलाही एक चक्कर मार, मागच्या सीटवर.