तिसरा कान

बदलापूर लोकलमध्ये मी रोज पाहतो, शेजारी डोकावला की माणूस मोबाइल तिरका धरतो. सरकार डोकावले तर? आपल्याकडे फोन टॅप करायला न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, गृहसचिवांचा आदेश पुरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंधने घातली, पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही न्यायाधीशाला बाहेरच ठेवले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले. खटला झाला म्हणून त्याला टॅपिंग कळले. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याला कोण सांगणार?

हा कायदा संसदेच्या हाती आहे. उल्हासनगर-अंबरनाथकरांनी कल्याणच्या खासदारांना, बदलापूरकरांनी भिवंडीच्या खासदारांना लिहावे: ‘आधी न्यायाधीशांना विचारा.’ पोस्टकार्डच लिहा. ते कुणीही वाचले तरी चालेल!