डायलिसिस आणि अंगाची खाज

आंबेगावातील आहुपे किंवा जुन्नरमधील हातवीज यांसारख्या डोंगरगावाहून डायलिसिससाठी येणे कष्टाचे असते. परंतु पाळी चुकली तर रक्तातील दूषित द्रव्ये साठतात व अंगाची खाज वाढू शकते. वाढलेले फॉस्फरस, कोरडी त्वचा आणि शरीरातील दाह हीदेखील खाजेची कारणे होत.

रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वसाधारणपणे घनमिलिमीटरमागे ४,००० ते ११,००० असतात. त्या वाढल्यास दाह वा जंतुसंसर्गाची, त्यांतील इओसिनोफिल वाढल्यास अ‍ॅलर्जी वा जंतांची शंका घेतली जाते. म्हणून केवळ मलमावर विसंबू नये. रक्ततपासणी करून घ्यावी. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र रुग्णांस डायलिसिस विनामूल्य मिळते.