मूलकणांच्या शोधातून मुलांच्या कण्याची तपासणी

छत्तीसगडची राजधानी रायपूरजवळील उरला ही लोखंड आणि पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत आहे. अशा कामगार वस्तीतील एखादे मूल वेळेवर चालू लागले नाही, लंगडू लागले किंवा त्याची पाठ एका बाजूला झुकू लागली, तर त्याच्या तपासणीची सुरुवात बहुधा अंगणवाडीत किंवा शाळेत होते. पुढे या तपासणीत क्ष-किरणांची गरज भासते. मुलांना त्या किरणांची मात्रा कमीत कमी मिळावी, यासाठी उच्च ऊर्जा भौतिकीतील एक शोध उपयोगी पडला आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमानुसार आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. जन्मतः वाकडी पावले, खुब्याच्या सांध्यातील दोष आणि हालचालींच्या विकासातील विलंब यांचा त्यात समावेश आहे. दोष आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे.

विलंब कशाला म्हणावे, याचेही शास्त्रीय मापदंड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या पाहणीवरून २००६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यानुसार मूल आधाराविना साधारण ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान बसते आणि ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एकटे चालू लागते. त्यामुळे शेजारचे मूल आधी चालले, एवढ्यावरून चिंता करण्याचे कारण नाही. मात्र १८ महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

वाढत्या वयात पाठीचा कणा वाकण्याच्या विकारात, म्हणजे स्कोलिओसिसमध्ये, प्रश्न अधिक बिकट होतो. वाकडेपणा वाढतो आहे का, हे पाहण्यासाठी मुलाला उभे करून काही महिन्यांच्या अंतराने, अनेक वर्षे क्ष-किरण चित्रे घ्यावी लागतात. अमेरिकेत १९१२ ते १९६५ या काळात या विकाराचे निदान झालेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकीची सरासरी सुमारे २५ क्ष-किरण चित्रे घेण्यात आली होती. स्तनांच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे त्यांच्यातील प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्के अधिक आढळले. त्या काळातील यंत्रे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त किरण देत असत. तरीही वाढत्या शरीराबाबत सावधगिरी का हवी, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

या अडचणीवरील एका उपायाचे मूळ जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत आहे. कणांच्या टकरींची छायाचित्रे काढून ती डोळ्यांनी तपासण्याची पद्धत तेथे फार संथ ठरत होती. १९६८ मध्ये जॉर्ज शार्पाक यांनी वायूने भरलेल्या पेटीत अनेक बारीक तारा समांतर ताणून बसविल्या. कण वायूतून जाताना इलेक्ट्रॉन सुटे होतात. तारेजवळच्या तीव्र विद्युत क्षेत्रात त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि तारेत नोंदता येईल एवढा संकेत निर्माण होतो. प्रत्येक तार स्वतंत्र नोंद करीत असल्याने कणाचा मार्ग संगणकाला थेट कळू लागला. या शोधासाठी शार्पाक यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षीण संकेत मोठा करणारे हेच तत्त्व क्ष-किरणांनाही लागू पडते. शार्पाक यांच्या संशोधनातून पुढे ‘ईओएस’ हे यंत्र विकसित झाले. त्यात मूल उभे राहते. एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन अरुंद किरणपट्ट्या वरून खाली सरकतात आणि समोरचे व बाजूचे चित्र एकाच वेळी मिळते. अरुंद पट्टीमुळे शरीरात विखुरलेले किरण चित्र बिघडवीत नाहीत आणि शोधक संवेदनशील असल्याने थोडे किरण पुरतात. परिणामी मुलाला मिळणारी किरणांची मात्रा नेहमीच्या पद्धतीपेक्षा अनेक पटींनी कमी होऊ शकते.

वायू आणि तार यांचे हे तंत्र भारतीय शास्त्रज्ञांनाही सुपरिचित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उदगमंडलम येथील ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात, विश्वकिरणांतून निर्माण होणारे म्युऑन कण मोजण्यासाठी अशा ३,७१२ पोलादी नळ्या वापरल्या आहेत. त्यांपैकी प्रत्येक नळी ६ मीटर लांब आहे.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. ते महागडे आहे. शिवाय चित्र पूर्ण होईपर्यंत मुलाला काही सेकंद स्थिर उभे राहावे लागते, म्हणून अगदी लहान बालकांसाठी ते सोयीचे नाही. तान्ह्या बाळाच्या खुब्याची तपासणी सोनोग्राफीने होते आणि तिच्यात क्ष-किरण वापरलेच जात नाहीत.

उरल्यासारख्या वस्तीत मात्र पहिली गरज यंत्राची नाही. मूल कसे बसते, कसे चालते आणि पुढे वाकल्यावर त्याच्या पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, हे वेळेवर पाहणारी नजर तेथे आधी हवी. डॉक्टरांनी आवश्यक म्हणून सांगितलेले क्ष-किरण चित्र भीतीपोटी टाळू नये. मात्र आधीची चित्रे जपून ठेवून प्रत्येक भेटीत सोबत नेल्यास अनावश्यक पुनरावृत्ती टळू शकते.